महर्षी कर्व्यांचं म्हातारपण आणि आपल्या घरातली ऐंशीच्या पुढची माणसं

मुळशीतून पुण्याला जाताना चांदणी चौक आणि वनाज मागे टाकलं की तुम्ही पौड फाट्यावर येता आणि तिथून कर्वे रस्त्याला लागता. घरातल्या वयस्कर माणसाला मोठ्या दवाखान्यात दाखवायला, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला किंवा एमआरआयला नेताना या रस्त्यावरून तुम्ही अनेकदा गेला असाल. रस्त्याला ज्यांचं नाव आहे ते महर्षी धोंडो केशव कर्वे, म्हणजे अण्णासाहेब, १८ एप्रिल १८५८ रोजी जन्मले आणि ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यात वारले. १०४ वर्षं आणि वर साडेसहा महिने. विधवांसाठी आश्रम, स्त्रियांचं विद्यापीठ, भारतरत्न एवढं शाळेच्या पुस्तकात असतं. वयाच्या साठीनंतर त्यांनी काय केलं ते मात्र फारसं सांगितलं जात नाही, आणि ऐंशी-नव्वदीतल्या माणसाची काळजी घेणाऱ्या तुमच्यासारख्यांना उपयोगाचं नेमकं तेच आहे.

शंभरी गाठलेल्या माणसाबद्दल पहिला प्रश्न ठरलेला असतो: ते खायचे काय? अण्णासाहेबांचं जेवण साधं आणि शाकाहारी होतं, व्यसन कसलंही नव्हतं. पण त्या काळात बहुतेक घरांत जेवण साधंच असे, तरी पुष्कळ माणसं साठीसुद्धा गाठत नसत. त्यामुळे त्यांच्या ताटात डोकावण्यापेक्षा त्यांचा दिवस कसा जात होता ते पाहणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

पायी चालणारा माणूस

त्यांचा जन्म आजोळी, खेड तालुक्यातल्या शेरवलीला झाला. घर दापोलीजवळच्या मुरूडला. परिस्थिती बेताची होती. १८७५ साली एका सरकारी परीक्षेसाठी साताऱ्याला जायचं होतं. अण्णासाहेब आणि त्यांचे सोबती भर पावसात डोंगर आणि घाट ओलांडत चालत गेले. अंतर शंभर मैलांच्या वर, म्हणजे १६० किलोमीटरहून जास्त. एवढं करून पोचले, तर परीक्षकांनी बसूच दिलं नाही. परीक्षेला वयाची १७ वर्षं पूर्ण लागत होती आणि हा किरकोळ अंगाचा मुलगा तेवढा वाटेना. हात हलवत परत यावं लागलं. पुढे ती परीक्षा त्यांनी कोल्हापूरहून दिली. मॅट्रिक व्हायला १८८१ उजाडलं, तेव्हा ते २३ वर्षांचे होते. १८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन बी.ए. झाले. त्यानंतर मुंबईत शाळा आणि शिकवण्या.

१८९१ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या बोलावण्यावरून ते फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला पुण्याला आले. त्याच वर्षी पहिल्या पत्नी राधाबाई वारल्या. १८९३ साली त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाई या विधवेशी लग्न केलं. लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या, पण पुढे सगळे त्यांना बाया म्हणूनच ओळखत. या लग्नामुळे मुरूडकरांनी अण्णासाहेबांवर बहिष्कार टाकला. आपल्याच गावात परके झालेल्या या प्राध्यापकाने १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० साली तो हिंगण्याला नेला.

आजचं कर्वेनगर पाहून तेव्हाच्या हिंगण्याची कल्पना येणार नाही. शहराबाहेरचं माळरान आणि धड नसलेला रस्ता. दिवसभर कॉलेजात शिकवून अण्णासाहेब संध्याकाळी आश्रमाला लागणारं सामान घेऊन सुमारे चार मैल चालत हिंगण्याला जात, तिथल्या मुलींना शिकवत आणि सकाळी पुन्हा चालत शहरात येत. पावसाळ्यात चिखल तुडवत. जाऊन-येऊन १३ किलोमीटर होतात, आणि तेव्हा ते चाळिशी ओलांडलेले होते.

या चाळिशीकडे लक्ष द्या. म्हातारपणी मेंदू कसा चालेल याचा बराचसा निकाल ४० ते ६५ या वयात लागत असतो. मेंदूचं वजन शरीराच्या साधारण दोन टक्के, पण विश्रांतीच्या वेळीही शरीराला मिळणाऱ्या प्राणवायूतला जवळजवळ पाचवा हिस्सा तो एकटा वापरतो. तो पुरवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या बीपी, शुगर आणि तंबाखू यांनी वर्षानुवर्षं खराब होत जातात. कधी लक्षातही न येणारे छोटे छोटे झटके मेंदूला बसतात आणि सत्तरीत त्याचा हिशोब समोर येतो. रोज चालणाऱ्या माणसाचं बीपी, शुगर, वजन आणि झोप या सगळ्यांना हातभार लागतो. म्हणून हा लेख तुम्ही आजोबांसाठी वाचत असाल आणि तुमचं स्वतःचं वय पंचेचाळीस असेल, तर वरचा परिच्छेद तुमच्यासाठी आहे.

मुळशीतल्या जुन्या माणसांजवळ ही पुंजी असते. ताम्हिणी, आंबवण्याच्या बाजूची ऐंशीची माणसं डोंगर चढून आणि भातखाचरात वाकूनच मोठी झाली. अडचण पुढे येते. जमीन विकली जाते, जुन्या घराच्या जागी बंगला होतो, गुरं जातात आणि ओट्यावर बसणारा माणूस सोफ्यावर येऊन बसतो. समोर टीव्ही. दोन वर्षांत पाय बारीक होतात आणि घरचे सांगू लागतात की आबा हल्ली विसरायला लागले.

नोकरी संपली आणि मग

१९१४ साली अण्णासाहेब फर्ग्युसनमधून निवृत्त झाले. वय ५६. जपानमधल्या स्त्रियांच्या विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या हाती आली आणि आपल्याकडे असं विद्यापीठ का नसावं हा विचार त्यांनी घेतला. १९१६ साली विद्यापीठ सुरूही झालं. तेव्हा ते ५८ वर्षांचे होते. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या आईचं, नाथीबाईंचं, नाव विद्यापीठाला लागलं. तेच आजचं एस.एन.डी.टी.

इथे थांबले असते तरी रस्त्याला नाव मिळालंच असतं. पण १९२९ साली, सत्तरी गाठलेला हा माणूस जगाच्या प्रवासाला निघाला. युरोपातल्या शिक्षणविषयक परिषदा, बर्लिनमध्ये आइन्स्टाइन यांची भेट, मग अमेरिका, मग जपान. ज्या विद्यापीठाची पुस्तिका वाचून कामाला लागले, ते टोकियोचं विद्यापीठ त्यांनी प्रत्यक्ष पाहिलं आणि १९३० च्या एप्रिलमध्ये परतले. आठच महिन्यांनी, डिसेंबरमध्ये, आफ्रिकेला निघाले: मोम्बासा, युगांडा, टांगानिका, झांझिबार, पोर्तुगीज पूर्व आफ्रिका, दक्षिण आफ्रिका. हा दौरा १५ महिन्यांचा होता. संपला तेव्हा ते ७४ च्या उंबरठ्यावर होते.

अशा प्रवासात मेंदूला काय काय करावं लागतं ते मोजा. रोज नवं गाव, नवे चेहरे, नावं, रेल्वेची आणि बोटीची वेळापत्रकं, परकी नाणी, देणग्यांचा हिशोब. शिवाय भाषणं, तीही इंग्रजीत, आणि अण्णासाहेब काही फर्डे वक्ते नव्हते. जे सहज जमत नाही तेच ते पुन्हा पुन्हा करत होते. वैद्यकीय दृष्टीने मला यात सगळ्यात मोलाचं हे वाटतं. येतं तेच घोळत बसण्यात मेंदूला फारसं काम नसतं.

मेंदूची शिल्लक नावाची एक कल्पना आहे. अमेरिकेत ६७८ कॅथलिक जोगिणींवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध आहे. या स्त्रियांनी मृत्यूनंतर आपला मेंदू तपासायची परवानगी दिली होती. काहींच्या मेंदूत अल्झायमर आजाराच्या खुणा भरपूर सापडल्या, पण हयात असताना त्यांची स्मृती आणि बोलणं-चालणं चांगलं राहिलं होतं. तरुणपणी त्यांनी लिहिलेली छोटी आत्मवृत्तं तपासली तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली: ज्यांच्या लिहिण्यात विचारांची दाटी जास्त होती, त्यांना म्हातारपणी हा आजार कमी झाला होता. शिक्षण, वाचन, नवं काम, माणसांत मिसळणं यातून ही शिल्लक साठते असं मानतात. बँकेत पैसे असले की एखादं आजारपण निभावून जातं, तसं. पैसे असल्यामुळे आजारपण टळतं असं मात्र नाही.

अठ्ठ्याहत्तर आणि शहाऐंशी

१९३६ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढलं. ज्या खेड्यांत लोकल बोर्डाची शाळा पोचली नव्हती तिथे शाळा काढायच्या हा उद्देश. त्या काळी मुळशी-मावळच्या डोंगरातल्या वाड्यांसाठी शाळा म्हणजे किती लांबची गोष्ट होती ते तुमच्या घरातल्या आजीला विचारा. मंडळाने सुमारे ४० शाळा उभ्या केल्या आणि त्यासाठी लहान-मोठ्या देणग्या मागत अण्णासाहेब स्वतः फिरत.

१९४४ साली त्यांनी समता संघ काढला. जातिभेद जावेत, माणसामाणसांत समता यावी यासाठी, आणि त्या विचारांच्या प्रसाराला 'मानवी समता' हे नियतकालिक. तेव्हा त्यांचं वय ८६ होतं.

आता तुमच्या घरातल्या ८६ वर्षांच्या माणसाचा कालचा दिवस आठवा. काल त्यांना कोणी काही विचारलं का? त्यांच्यावाचून अडेल असं एकतरी काम होतं का? आपल्याकडे म्हाताऱ्या माणसावरचं प्रेम हातातलं काम काढून घेऊन दाखवायची पद्धत आहे. आबा, तुम्ही बसा. आजी, राहू द्या, आम्ही करतो. सून प्रेमानेच म्हणते, मुलगा काळजीपोटीच म्हणतो. पण दूधवाल्याचा हिशोब, विळीवर भाजी चिरणं, नातवाला शाळेच्या गाडीपर्यंत सोडणं हे सगळं एकेक करून गेलं, की माणसाने लक्षात ठेवावं असं त्याच्या दिवसात उरतच काय? मग वार आठवत नाही. सगळे वार सारखेच असतील तर तो आठवावा कशाला?

शब्दकोडी आणि मोबाइलवरचे मेंदूचे खेळ वाईट नाहीत, पण त्यातून मुख्यतः त्या त्या खेळात हात बसतो. पैसे भरून असलं ॲप घेण्याआधी आजीला लग्नाच्या आहेराची यादी सांभाळायला द्या. काम खरं असावं, चुकलं तर कुणीतरी विचारणारं असावं.

बायांचा वाटा

अण्णासाहेबांचं कौतुक करताना एक गोष्ट मला खटकत राहते. घराबाहेर एवढं करणाऱ्या माणसाच्या घरचं कोण पाहत होतं? बायांनी. पैसा संस्थेकडे वळत असताना त्यांनी संसार ओढला आणि स्वतः फिरून आश्रमासाठी निधीही जमवला. त्यांच्या 'माझे पुराण' या आत्मचरित्रात ही ओढाताण आहे. उमेदीने जगणाऱ्या वृद्ध माणसामागे बहुतेक वेळा वेळेवर जेवण आणि औषध देणारं कोणीतरी असतं, आणि आपल्याकडे ती सून, मुलगी किंवा बायकोच असते. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला तपासताना त्याला सांभाळणाऱ्या बाईचं बीपी आणि झोपही विचारायला हवी, कारण ती पडली तर दोघंही पडतात. तुम्हीच ती असाल, तर आठवड्यातला एक दिवस दुसऱ्या कुणाकडून तरी मागून घ्या. याला स्वार्थ म्हणत नाहीत.

बाया १९५० साली गेल्या. अण्णासाहेब ९२ वर्षांचे होते. १९५३ साली थोरले चिरंजीव रघुनाथराव गेले, संततिनियमनाचा प्रसार करणारे र. धों. कर्वे. पंचाण्णव वर्षांच्या बापाला एकाहत्तर वर्षांच्या मुलाचा मृत्यू पाहावा लागला. फार जगण्याची ही किंमत असते. जोडीदार गेल्यावर म्हातारा माणूस गप्प होतो, खाणं कमी होतं, विसरायला लागतो, आणि घरचे वय झालं म्हणून सोडून देतात. पुष्कळदा ते नैराश्य असतं. नैराश्यावर नव्वदीतही उपचार होतात आणि स्मृती बऱ्यापैकी परत येते.

१९५५ साली पद्मविभूषण आणि १९५८ साली, शंभराव्या वर्षी, भारतरत्न. त्याच वर्षी टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं, ते हयात असताना. त्यानंतर ते साडेचार वर्षं जगले.

यावरून काय समजू नये

आपण डॉक्टर स्मृती तपासायला जी ३० गुणांची प्रश्नावली वापरतो, ती १९७५ साली आली. सीटी स्कॅनही अण्णासाहेबांच्या पश्चात आला. तेव्हा त्यांच्या मेंदूबद्दल बोलताना आपल्या हातात फक्त त्यांनी केलेली कामं आहेत, आणि एका माणसाच्या आयुष्यावरून नियम बांधता येत नाही. त्याच घरातले, तितक्याच बुद्धीचे आणि कामात बुडालेले रघुनाथराव एकाहत्तराव्या वर्षी गेले. आनुवंशिकता आणि नशीब यांचा वाटा मोठा असतो.

लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञगटाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाला हातभार लावणारी, पण बदलता येण्यासारखी १४ कारणं मांडली. कमी शिक्षण, ऐकू कमी येणं, दिसायला कमी होणं, बीपी, शुगर, वाईट कोलेस्टेरॉल, तंबाखू-सिगारेट, दारू, लठ्ठपणा, बैठेपणा, डोक्याला मार, नैराश्य, एकटेपणा आणि प्रदूषित हवा. ही सगळी दूर झाली तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळतील किंवा लांबतील, असा त्यांचा अंदाज आहे. म्हणजेच निम्म्याहून जास्त आपल्या हातात नाहीत. भारतात साठीच्या पुढच्या माणसांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असा अंदाज २०२३ साली आला. वय वाढेल तसं प्रमाण झपाट्याने चढतं. आयुष्यभर शेतात राबलेल्या, रोज पोथी वाचणाऱ्या आजीलाही हा आजार होतो. तो झाला तर तिचं काही चुकलं किंवा तुमचं काही कमी पडलं असं मनात आणू नका.

शाकाहाराबद्दलही गैरसमज नको. शुद्ध शाकाहारी वृद्धांत बी-१२ कमी असणं आपल्याकडे नेहमीचं आहे. शुगरसाठी मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर आणखीच. बी-१२ कमी पडलं की विसरभोळेपणा, पायांना मुंग्या, चालताना तोल जाणं हे सगळं होतं आणि इंजेक्शन किंवा गोळ्यांनी ते बरंच सुधारतं, लवकर सापडलं तर. ज्यांना कमतरता नाही त्यांनी मात्र स्मरणशक्तीसाठी व्हिटॅमिनच्या गोळ्या घेण्यात अर्थ नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शनात बी, ई आणि ओमेगा या प्रकारच्या गोळ्या स्मृतिभ्रंश टाळायला देऊ नका असं सांगितलं आहे. मेंदूची पावडर विकायला कोणी दारात आलं तर हे ध्यानात असू द्या.

आपल्याकडे काय पाहायचं

कानापासून सुरुवात करा. ऐकू न येणारा माणूस उत्तरं चुकीची देतो, मग बोलायचं टाळतो, मग माणसांत जायचं टाळतो, आणि घरात चर्चा सुरू होते की डोकं चालत नाही. आधी कानात मळ आहे का ते पाहून घ्या, तो निघाला तरी कधीकधी घरात हसू परत येतं. मग श्रवणतपासणी, लागलं तर मशीन. मशीन घेऊन ते डब्यात ठेवणारे पुष्कळ आहेत. पहिले दोन महिने कटकट वाटते, सवय होईपर्यंत घरच्यांनी नेट धरायचा. मोतीबिंदू पिकायची वाट पाहत बसू नका.

मिशरी. पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत आजीच्या पिढीत ती इतकी मुरलेली आहे की तंबाखू खाता का विचारलं तर उत्तर नाही असं येतं. मिशरी तंबाखूच आहे. चूल अजून पेटत असेल तर तिचा धूर वर सांगितलेल्या प्रदूषित हवेत धरा.

बीपीची गोळी नियमित हवी. चाळिशीपासून वरचा आकडा १३० च्या आसपास राखलेला बरा. पण ऐंशीच्या पुढे, अशक्त माणसात बीपी फार खाली गेलं तर उठताना चक्कर येऊन माणूस पडतो. म्हणून वर्षातून दोनदा तरी उभं राहून बीपी मोजून घ्या आणि गोळीचा डोस डॉक्टरांना विचारूनच बदला. चालणं सोबतीने, दिवसाउजेडी, सपाट रस्त्यावर. पायात बळ यायला खुर्चीतून हाताचा आधार न घेता दहा वेळा उठणं-बसणं पुरतं, सुरुवातीला कोणीतरी जवळ उभं राहावं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. स्मृतिभ्रंश महिन्यांनी, वर्षांनी वाढतो. काल ठीक असलेला माणूस आज अचानक असंबद्ध बोलतो, माणसं ओळखत नाही, दिवसा झोपतो आणि रात्री उठून भांडतो, तर ते वय नव्हे. त्यामागे लघवीतला किंवा छातीतला जंतुसंसर्ग असू शकतो, रक्तातलं सोडियम किंवा साखर उतरलेली असते, लघवी तुंबलेली असते, नाहीतर नुकतीच सुरू केलेली झोपेची किंवा सर्दीची गोळी असते. महिन्याभरापूर्वी न्हाणीघरात पाय घसरून डोकं आपटलं असेल, तर कवटीच्या आत हळूहळू रक्त साठलेलं असू शकतं. अशा वेळी सोमवारची वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. तोंड वाकडं झालं, एका बाजूची शक्ती गेली किंवा बोलणं अडखळलं तर ताबडतोब १०८ ला फोन करा.

हळूहळू होणाऱ्या विसरण्यात नाव पटकन न आठवणं फारसं काळजीचं नाही. रोजच्या वाटेवर चुकणं, पेन्शनचे पैसे मोजता न येणं, गॅस चालू राहणं, तोच प्रश्न तासाभरात पाच वेळा विचारणं, स्वभाव पार बदलणं हे दाखवायला हवं. बी-१२, थायरॉईड, सोडियम, शुगर, हिमोग्लोबिन या रक्ततपासण्या आधी होतात, गरज असेल तर सीटी स्कॅन. त्या दिवशी पेशंटसोबत त्यांच्याबरोबर रोज राहणारं माणूस यावं, पुण्याहून गाडी घेऊन आलेला मुलगा एकटा पुरत नाही. घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणा, वैद्यांचं चूर्ण आणि मेडिकलमधून परस्पर आणलेली झोपेची गोळीसुद्धा. चष्मा आणि कानाचं मशीन घालून आणा. आणि प्रश्न आजोबांना विचारला असेल तर उत्तर त्यांना देऊ द्या, थोडा वेळ लागला तरी.